एट माइल रोडच्या अलीकडे

शनिवार

ईस्टर्न मार्केटचा मोठा बाजार शनिवारी असतो, म्हणून डेट्रॉइट तिथूनच बघायला घेतलं. १८९१ पासून बाजार याच जागी भरतोय. लांबच लांब शेड, त्यात मिशिगनची सफरचंदं, मक्याची कणसं, सायडरचे कॅन, आणि एका गाळ्यावर चक्क कारली. भाव विचारला आणि कारली परत जागेवर ठेवली.

बाजाराला लागूनच डिक्विंडर कट नावाची पायवाट सुरू होते. जुन्या रेल्वेची खोलगट लाइन होती, तिचीच आता वाट केली आहे. ती थेट नदीवर नेऊन सोडते. आसपासचे रस्ते रिव्हार्ड, रिओपेल, सेंट ऑबिन, शेन. ही सगळी फ्रेंच शेतकऱ्यांची आडनावं. १७०१ साली कॅडिलॅक नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने इथे किल्ला बांधला (मोटारीला नाव याचंच). नंतर नदीकाठची जमीन पट्ट्यापट्ट्यांनी वाटली गेली. प्रत्येकाला पाण्यावर तोंड हवं, त्यामुळे रुंदी काही शे फूट आणि लांबी दोन-तीन मैल. आपल्याकडे तीन पिढ्या वाटण्या झाल्या की विहिरीपाशी शेताच्या जशा चिंधड्या होतात, तसलाच नकाशा.

या शेतांतल्या काळ्या मातीच्या पट्ट्याला ब्लॅक बॉटम म्हणायचे. पुढे तिथे वस्ती झाली. आधी इटालियन, पूर्व युरोपातले ज्यू, आणि पहिल्या महायुद्धापासून दक्षिणेतून कारखान्यांत कामाला आलेले काळे लोक. १९१० साली शहरात काळ्यांची संख्या होती ५,७४१. १९३० साली १,२०,०६६. कारखान्यांनी माणसं बोलावली, पण घर भाड्याने मिळणार ते बहुतेक इथेच. एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन कुटुंबं. तरी याच वस्तीच्या हेस्टिंग्ज स्ट्रीटवर डॉक्टर, औषधवाले, हॉटेलं, जॅझचे क्लब सगळं उभं राहिलं, तेही बहुतेक काळ्यांच्याच मालकीचं.

आज हेस्टिंग्ज स्ट्रीट शोधायला गेलात तर खाली वाकून बघावं लागतं. पुलाच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. खाली खंदकासारखा आय-३७५ हायवे, १९६४ साली सुरू झालेला. गाड्या सुसाट. बाजूला मीस व्हॅन डर रोहे या वास्तुरचनाकाराने आखलेलं लाफायेट पार्क आहे. काचेची घरं, दाट झाडं, अतिशय देखणं. पण वस्ती पाडल्यावर ही जागा काही वर्षं नुसती रिकामी पडून होती आणि लोक तिला थट्टेने गाजरगवताचे मळे अशा अर्थाच्या नावाने ओळखायचे. उठवलेल्या माणसांतले बरेच जण बाराव्या रस्त्याच्या आसपास जाऊन राहिले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नदीपलीकडे कॅनडा, तोही दक्षिणेला. गुलामगिरीतून पळून आलेली माणसं इथूनच रात्री नदी ओलांडायची आणि १८३६ साली स्थापन झालेलं सेकंड बॅप्टिस्ट चर्च त्यांना लपवायचं. चर्चच्या दारापर्यंत गेलो, आत जायला उशीर झाला होता.

रविवार

हॅमट्रॅमक. डेट्रॉइटच्या पोटात असलेलं, पण स्वतःची नगरपालिका असलेलं जेमतेम दोन चौरस मैलांचं गाव. डॉज बंधूंनी १९१० साली इथे कारखाना काढला आणि पोलंडचे लोक लोंढ्याने आले. १९३० साली या एवढ्याशा गावात ५६ हजार माणसं राहत होती. कारखाना १९८० साली बंद पडला. पोलिश पोरं शिकून उपनगरांत गेली, आणि रिकाम्या झालेल्या घरांत येमेनी आणि बांगलादेशी आले.

जोसेफ कँपाऊ रस्त्यावर पोप जॉन पॉल दुसरे यांचा पुतळा आहे. ते १९८७ साली इथे येऊन गेले. पोलिश बेकरीत पॉन्चकी, म्हणजे जॅम भरलेले तळलेले गोळे, खाल्ले. तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत कोनंट रस्त्यावर आलो तर पाट्या बंगालीत, साड्यांची दुकानं, फ्रीझरमध्ये हिल्सा. जेवणाच्या हॉटेलात भुना खिचडी आणि वांग्याचं भरीत मागवलं. गल्ल्यावरचा माणूस सिल्हेटचा. हिंदीत गप्पा झाल्या. आल्यावर काही वर्षं गाड्यांच्या सीट शिवायच्या कारखान्यात होता म्हणाला. “पायडल मारून मारून गुडघा गेला, म्हणून हॉटेल.”

२००४ साली इथल्या एका मशिदीने लाउडस्पीकरवर अजान द्यायची परवानगी मागितली तेव्हा देशभर गाजावाजा झाला. गावाने मतदान घेतलं आणि परवानगी कायम राहिली. २०२२ पासून तर महापौर आणि अख्खं नगरमंडळ मुस्लिम. त्याआधी सुमारे शंभर वर्षं पोलिश वंशाचेच महापौर. चर्चची घंटा आणि अजान एकाच चौकात ऐकली की आपल्याकडच्या माणसाला त्यात विशेष काही वाटत नाही. अमेरिकनांना वाटतं.

बंगाली माणूस डेट्रॉइटला आताच आला असं मात्र नाही. १९२० च्या दशकात जहाजांवरचे बंगाली खलाशी बंदरात उतरून पसार व्हायचे आणि त्यातले काही इथल्या कारखान्यांत लागायचे. राहायचे कुठे? काळ्यांच्या वस्तीत. त्याच सुमाराचा जॉन मोहम्मद अली यांचा खटला आहे. हिंदुस्थानातून आलेले हे गृहस्थ अमेरिकेचे नागरिक झाले होते. १९२३ साली सुप्रीम कोर्टाने हिंदुस्थानी लोक ‘गोरे’ नाहीत असं ठरवल्यावर सरकारने त्यांचं नागरिकत्व काढून घ्यायला दावा लावला. अलींनी सांगितलं की माझे पूर्वज अरब. इथल्या कोर्टाने १९२५ साली ते मानलं नाही आणि नागरिकत्व गेलं. ग्रीन कार्डाच्या रांगेत बसलेल्या आपल्या पोरांना हे नाव ठाऊक असायला हरकत नाही.

हॅमट्रॅमकला लागून जनरल मोटर्सचा कारखाना आहे, सध्या इलेक्ट्रिक गाड्यांचा. याची जागा म्हणजे पोलटाउन. १९८१ साली डेट्रॉइट महापालिकेने ही वस्ती कंपनीसाठी ताब्यात घेतली. जवळजवळ १,३०० घरं, १४० दुकानं-धंदे, सहा चर्चं पाडली, चार हजारांवर माणसं उठवली. नावात पोलंड असलं तरी तेव्हा तिथे निम्मे रहिवासी काळे होते. म्हाताऱ्या पोलिश बायका चर्चच्या तळघरात जवळजवळ महिनाभर ठाण मांडून बसल्या, शेवटी पोलिसांनी बाहेर काढलं. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तेव्हा नोकऱ्या म्हणजे सार्वजनिक हित असं म्हटलं होतं. २००४ साली त्याच कोर्टाने तो निकाल फिरवला. आश्वासन ६,००० नोकऱ्यांचं होतं, प्रत्यक्षात तेवढ्या कधीच झाल्या नाहीत.

कारखान्याच्या आवारात एक जुनी ज्यू दफनभूमी तेवढी राहिली. धर्माने थडगी हलवता येत नाहीत, म्हणून भिंत बांधून तिला मध्ये ठेवलं आणि पार्किंग भोवतीने केलं. वर्षातून दोनदा, पासोव्हर आणि रोश हशाना या ज्यू सणांच्या सुमाराला, नातेवाइकांना आत सोडतात. मी आपला कुंपणाबाहेरून बघून आलो. मेलेल्यांचा कायदा जिवंतांच्या कायद्यापेक्षा पक्का निघाला.

सोमवार

फोर्डचा रूज कारखाना. चिंचवडच्या टूलरूममध्ये माझी हयात गेली, त्यामुळे इथे मी भाविकासारखा गेलो हे कबूल. १९१७ ते १९२८ एवढा काळ बांधकाम चाललं. एका टोकाला बोटीतून लोहखनिज आणि कोळसा उतरायचा, दुसऱ्या टोकाने गाडी चालत बाहेर पडायची. मध्ये स्वतःची भट्टी, काच, वीज, सगळं. भराच्या काळात एक लाखावर कामगार. आता तिथे एफ-१५० ट्रक जुळवतात आणि वरच्या सज्ज्यातून आपल्याला बघू देतात. फोटो काढायला मनाई.

खाली दाराचं रबर बसवणारी एक बाई होती. गाडी सरकत यायची, तिच्या तळहाताचा एकच लांब दाब वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत, अंगठ्याने शेवटचा कोपरा चेपायचा, बोटाने एकदा तपासायचं, पुढची गाडी. माझ्याबरोबरचे लोक रोबोट बघत होते. मी पाऊण तास त्या बाईचा अंगठा बघत होतो.

मुंबईला हे जग लवकर पोहोचलं. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी पुढे इथल्याच क्रायस्लरशी करार केला आणि कुर्ल्याच्या प्रीमियरमधून डॉज आणि फार्गो बाहेर पडल्या. जनरल मोटर्सने तळेगावला २००८ साली कारखाना काढला आणि २०२० अखेर बंद केला.

रूजच्या मिलर रोडवर दोन घटना घडल्या. मंदीच्या काळात, ७ मार्च १९३२ रोजी, काही हजार बेकार कामगार डेट्रॉइटहून चालत फोर्डच्या गेटवर मागण्या घेऊन आले. कारखाना ज्या गावात आहे त्या डिअरबॉर्नच्या पोलिसांनी आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. चार जण तिथेच गेले. पाचवे, कर्टिस विल्यम्स, काही महिन्यांनी. पाच वर्षांनी, २६ मे १९३७ ला, पादचारी पुलावर युनियनच्या वॉल्टर रूथरना कंपनीच्या माणसांनी बेदम मारलं. फोटोग्राफरांच्या प्लेटा हिसकावल्या, पण एका वर्तमानपत्रवाल्याने खऱ्या प्लेटा लपवून कोऱ्या दिल्या, म्हणून ते फोटो आज आहेत. फोर्डने युनियन मान्य केली ती १९४१ साली.

परतताना वुडमियर दफनभूमीत गेलो. त्या चौघांची थडगी इथे एका ओळीत आहेत. विल्यम्स नाहीत. ते काळे होते, म्हणून दफनभूमीने त्यांना जागा नाकारली. गोळी खाताना ओळ एकच होती.

रूजच्या चिमण्यांखालीच डिअरबॉर्नचं साउथ एंड. लेबनीज, येमेनी, पॅलेस्टिनी कामगार कारखान्याच्या पायाशी राहिले आणि १९३० च्या दशकात डिक्स रस्त्यावर मशीद बांधली. गंमत म्हणजे याच डिअरबॉर्नचा १९४२ ते १९७८ असा महापौर होता ऑर्व्हिल हबर्ड, काळ्यांना गावात राहू देणार नाही असं उघड सांगणारा. आज महापौर अब्दुल्ला हम्मूद. संध्याकाळी येमेनी कॉफीच्या दुकानात वेलदोडा घातलेली कॉफी घेतली. रात्री नऊला बसायला जागा नव्हती, सगळी तरुण पोरं-पोरी, दारूचा थेंब नाही.

मंगळवार

दिवसभर पाऊस. मिशिगन सेंट्रल स्टेशन तेवढं झालं. १९१३ साली उघडलं, शेवटची गाडी १९८८ ला गेली, मग तीस वर्षं फुटक्या काचांचं भूत. पडक्या डेट्रॉइटचा फोटो म्हणजे हाच, असं जगभर झालं होतं. २०१८ साली फोर्डने विकत घेतलं आणि २०२४ ला लोकांसाठी खुलं केलं. वेटिंग हॉलच्या कमानीत २९,००० फरशा आहेत. सुंदर आहे, यात वाद नाही. दक्षिणेतून आलेली हजारो कुटुंबं पेटारे घेऊन याच हॉलमध्ये उतरली असणार, त्यांच्याबद्दल मात्र अजून दोन पाट्या चालल्या असत्या.

बुधवार

कलासंग्रहालयात दिएगो रिवेराची भित्तिचित्रं. २७ भाग, १९३२-३३ ला काढलेले, पैसे हेन्री फोर्डच्या मुलाचे, चित्रकार कम्युनिस्ट. रिवेरा डेट्रॉइटला आला तेव्हा मिलर रोडवरच्या गोळीबाराला जेमतेम महिना-दीड महिना झाला होता. उत्तरेच्या भिंतीवर इंजिन ब्लॉकची लाइन, दक्षिणेच्या भिंतीवर बॉडीचं काम आणि उजवीकडे पत्र्याला आकार देणारं एक अवाढव्य प्रेस. हे प्रेस त्याने मेक्सिकोच्या कोआत्लिक्वे देवीच्या मूर्तीच्या घडणीवर काढलं आहे असं जाणकार सांगतात. मी प्रेसच्या पुढ्यात दिवस काढले आहेत. देवी म्हटलं तर मला काही आश्चर्य वाटलं नाही. नैवेद्यात बोटं घेते.

चित्रात काळे, गोरे, मेक्सिकन खांद्याला खांदा लावून ब्लॉक ओढतात. प्रत्यक्षात फोर्ड काळ्यांना इतरांपेक्षा जास्त संख्येने घ्यायचा खरा, चर्चच्या पाद्र्याची चिठ्ठी घेऊन, पण बहुतेकांना मिळायची ती फाउंड्री, म्हणजे सगळ्यात तापलेलं आणि धुळीचं खातं. आणि जून १९४३ मध्ये, ऐन युद्धात, पॅकार्ड कारखान्यात तीन काळ्या कामगारांना बढती मिळाली म्हणून २५,००० गोरे कामगार काम टाकून बाहेर आले. त्याच महिन्यात शहरात दंगल होऊन ३४ माणसं मेली.

२०१३ साली महापालिकेने दिवाळं जाहीर केलं, १८ अब्ज डॉलरच्या आसपास देणी. तेव्हा या संग्रहालयातली चित्रं विकून देणी भागवा असा घोष सुरू झाला होता. राज्य सरकार आणि मोठमोठे ट्रस्ट यांनी मिळून ८० कोटी डॉलरवर रक्कम उभी केली, चित्रं वाचली. निवृत्त झालेल्यांच्या पेन्शनला कात्री लागली, पण बोललं जात होतं तेवढी नाही.

दुपारी जवळच फोर्डचा पिकेट अव्हेन्यूचा कारखाना. १९०४ चा, मॉडेल टी गाडी जन्मली ती इथे, १९०८ साली. इमारत न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांच्या धर्तीवर बांधलेली. अरुंद, लांबलचक, तीन मजली, दोन्ही बाजूंनी खिडक्याच खिडक्या. लाकडी जमिनीत तेल मुरलेलं अजून दिसतं. परळ-लालबागच्या कुणालाही ही जागा परकी वाटणार नाही.

मग वुडवर्ड रस्त्याने वर हायलंड पार्क गावात, फोर्डच्या पुढच्या कारखान्यापाशी. सरकती लाइन इथे १९१३ साली सुरू झाली. साडेबारा तासांचं चासी जुळवायचं काम ९३ मिनिटांवर आलं. माणसं मात्र टिकेनात. १४,००० जागा भरलेल्या ठेवायला त्या वर्षात ५० हजारांवर माणसं भरावी लागली. म्हणून जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, जवळजवळ दुप्पट पगार. तो सरसकट नव्हता. कंपनीचे तपासनीस घरी यायचे. स्वच्छता आहे का, दारू पितो का, पैसे शिल्लक टाकतो का, घरात भाडेकरू पोटभाडेकरू भरलेत का. इंग्रजीच्या शाळेचा तर समारंभ असा की परदेशी कामगार आपापल्या देशी कपड्यांत एका प्रचंड कढईत उतरायचे आणि सूट घालून, अमेरिकेचा झेंडा हलवत बाहेर यायचे. १९२१ साली इथेच, कारखान्याजवळ, अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या मशिदींतली एक उभी राहिली होती. काम रूजला गेलं तशी माणसंही तिकडे गेली.

आज कारखान्याच्या काही इमारती उभ्या आहेत, रस्त्यावर एक पाटी आहे आणि शेजारी मॉडेल टीच्या नावाचं साधंसं शॉपिंग सेंटर. २०११ साली या गावाला वीजबिल भरणं झेपेना, तेव्हा हजाराहून जास्त रस्त्यावरचे दिवे खांबांसकट काढून नेले होते.

गुरुवार

बारावा रस्ता आणि क्लेअरमाउंटचा कोपरा. २३ जुलै १९६७ च्या पहाटे पोलिसांनी इथल्या एका बेकायदा दारूच्या गुत्त्यावर धाड घातली आणि पुढचे पाच दिवस शहर जळलं. ४३ मेले, ७,००० वर लोकांना अटक. ब्लॅक बॉटममधून उठवलेल्यांची दाटी इथे झाली होती, हे शनिवारी म्हटलंच. आज लहानशी बाग आहे. बाराव्या रस्त्याला आता रोझा पार्क्सचं नाव आहे. बसमधली जागा न सोडणाऱ्या त्या बाई १९५७ पासून डेट्रॉइटलाच राहत होत्या.

तिथून मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं घर जवळ. बेरी गॉर्डी लिंकन-मर्क्युरीच्या लाइनवर कामाला होता. १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन रेकॉर्ड काढायला लागला, आणि गाणंही लाइनवर तयार करायचं अशी त्याची पद्धत, दर आठवड्याला क्वालिटीची मीटिंग. माळ्याला पाडलेल्या भोकाखाली उभं राहून टाळी वाजवायला लावतात. तो घुमारा म्हणजे त्यांचं इको चेंबर. आमच्यातल्या एका आजोबांनी टाळीऐवजी सरळ गाणंच म्हटलं.

संध्याकाळी बर्वुडची भिंत. एट माइल रोड ही शहराची उत्तर हद्द, तिच्या अलीकडे. सहा फूट उंच, फूटभर जाड, अर्धा मैल लांब. १९४१ साली एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. शेजारी काळ्यांची वस्ती, म्हणून सरकारी हमीचं कर्ज मिळेना. त्याने मध्ये भिंत घातली, कर्ज मिळालं. एवढाच तिचा उपयोग. ना पाणी अडवायला, ना माती धरायला. आज दोन्ही बाजूंना काळीच कुटुंबं राहतात. बागेजवळच्या भागावर २००६ साली चित्रं रंगवली आहेत. पुढे ती परसांच्या मागून जाते, कुणी तिला टेकून शिडी ठेवली आहे, कुणी दोरी बांधून कपडे वाळत घातले आहेत. मी तिच्यावर हात ठेवून पाहिला. उत्तम काँक्रीट, ऐंशी वर्षांत फारशी चीर नाही.

शुक्रवार

नोवी या उपनगरात, जिच्याकडे उतरलो होतो त्या भाचीकडेच. संध्याकाळी तिच्या ओळखीची तीन-चार मराठी कुटुंबं जेवायला. सगळे गाड्यांच्या धंद्यातले, कुणी ब्रेक, कुणी बॅटरी, कुणी सॉफ्टवेअर. मसालेभात, टोमॅटोचं सार, गप्पा.

मी आठवडाभर काय काय पाहिलं ते सांगत होतो. १९५० साली शहरात १८,४९,५६८ लोक होते, २०२० ला ६,३९,१११ उरले. गोरे उपनगरांत निघून गेले, मागोमाग ऐपत असलेले काळेही. शहरातल्या आणि उपनगरांतल्या शाळा एकत्र धरून मुलं मिसळावीत असा खालच्या कोर्टाचा हुकूम होता, तो १९७४ साली सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. उपनगरांची शाळा उपनगरांची राहिली. घरांचे भाव त्या शाळांवर ठरतात.

“मामा, तू आमच्या जेवणाचा पार वर्ग केलास,” भाची म्हणाली.

एक जण जरा तापलाच. “काका, आम्ही पोरांची शाळा बघायची की ५० वर्षांपूर्वीचा निकाल? दोन सूटकेस घेऊन आलो होतो.”

प्रश्न रास्त होता. मी घर कसं मिळालं ते विचारलं. कंपनीनेच एजंट गाठून दिला होता. भाचजावई म्हणाले, “मामा, खरं सांगू का, त्याने एट माइलच्या अलीकडचं, म्हणजे शहरातलं, एकही घर आम्हाला दाखवलं नाही. दाखव असं आम्हीही म्हटलं नाही.” बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने तेच निघालं. नोवी, कँटन, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स, आणि प्रत्येकाच्या यादीत नावं तीच.